संस्कार, करार आणि संमती : ख्रिस्ती विवाहकल्पनेचा मराठी अर्थ

भारतीय विवाहसंस्थेचे विवेचन करताना आपल्याकडे एक ठरीव सूत्र वापरले जाते. हिंदू विवाह हा संस्कार, मुस्लिम विवाह हा करार आणि ख्रिस्ती विवाह हा दोहोंच्या मधला, म्हणजे काहीसा संस्कार आणि काहीसा करार, असे ते सूत्र. कायद्याच्या पाठ्यपुस्तकांतून ते समाजशास्त्राच्या पुस्तकांत आले आणि तेथून साहित्यसमीक्षेतही शिरले. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेस ते सोयीचे आहे यात शंका नाही. परंतु ख्रिस्ती विवाहापुरते पाहता ते जितके सांगते त्याहून अधिक झाकते. ह्या सूत्रातील 'संस्कार' आणि 'करार' हे दोन्ही शब्द मराठीत आपापला इतिहास घेऊन येतात, आणि ज्या लॅटिन शब्दांच्या जागी ते योजिले जातात त्यांचा इतिहास अगदी निराळा आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्यास ही शब्दांची अडचण पदोपदी भेटते. तिचा उलगडा केल्यावाचून 'यमुनापर्यटन' किंवा 'स्मृतिचित्रे' ह्यांसारख्या ग्रंथांतील दांपत्यजीवनाचा पूर्ण अर्थ हाती लागत नाही, असे मला वाटते.

मूळ वाद तरी एका भाषांतरातूनच उद्भवला आहे. संत पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पतिपत्नींच्या ऐक्याची तुलना ख्रिस्त आणि त्याची मंडळी ह्यांच्या ऐक्याशी केली आहे. तेथे ह्या ऐक्यास त्याने ग्रीकमध्ये 'मिस्तेरिऑन' म्हटले. प्रचलित मराठी भाषांतरांत ह्या जागी 'रहस्य' हा शब्द येतो आणि तो यथार्थ आहे. पण पश्चिमेकडील चर्चने शतकानुशतके वापरलेल्या लॅटिन बायबलात 'मिस्तेरिऑन'च्या जागी 'साक्रामेंतुम' हा शब्द होता. 'साक्रामेंतुम' म्हणजे मुळात रोमन सैनिकाने सेनेत दाखल होताना घ्यावयाची शपथ. पुढे ह्याच शब्दास देवाच्या कृपेचे दृश्य आणि परिणामकारक चिन्ह असा पारिभाषिक अर्थ प्राप्त झाला. बाराव्या शतकात पीटर लोम्बार्डने अशी सात चिन्हे मोजली आणि त्यांत विवाहाची गणना केली. १४३९ साली फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने त्या सातांस अधिकृत मान्यता दिली. १५२० साली मार्टिन लूथरने विवाहाचे हे स्थान नाकारले. त्याच्या युक्तिवादाचा एक भाग शुद्ध भाषाशास्त्रीय होता : मूळ ग्रीकात 'रहस्य' आहे, त्या शब्दाच्या लॅटिन पर्यायावर विवाहसिद्धान्ताची इमारत उभारता येणार नाही. विवाह ईश्वराने स्थापिलेला आहे, पवित्र आहे, पण तो सर्व मानवजातीस मिळालेला आहे. केवळ ख्रिस्ती लोकांस दिलेले कृपाचिन्ह नव्हे, असे त्याचे म्हणणे. इंग्लंडच्या चर्चने १५७१ साली कायम केलेल्या धर्मसूत्रांतही बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन ही दोनच साक्रामेंते शुभवर्तमानातील म्हणून स्वीकारली आहेत. विवाहास जीवनाची एक मान्य अवस्था म्हटले आहे.

ह्या मतभेदाचा शेजार पाहावयाचा असल्यास फार दूर जाण्याचे कारण नाही. बंगळूरच्या पूर्वेस असलेले व्हाइटफील्ड हे आज माहिती-तंत्रज्ञानाचे उपनगर म्हणून प्रसिद्ध आहे. पण मुळात ती अँग्लो-इंडियन आणि युरेशियन कुटुंबांची वसाहत. १८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडेयर ह्यांनी त्या समाजाच्या संघटनेस सुमारे ३,९०० एकर जमीन दिली आणि संघटनेचे प्रवर्तक डी. एस. व्हाइट ह्यांच्या नावावरून गावास नाव पडले. ह्या लहानशा वसाहतीत अँग्लिकन परंपरेचे मेमोरियल चर्च, जे १९४७ नंतर चर्च ऑफ साउथ इंडियामध्ये आले, आणि कॅथलिक चर्च अशी दोन्ही उपासनास्थाने उभी राहिली. भाषा एक, पोशाख एक, बायबल बहुतांशी एक, वधूच्या हातातील फुलेही तीच. तरीही एका चर्चमधील विवाह हे साक्रामेंत आणि दुसऱ्यातील विवाह ही ईश्वराच्या आशीर्वादाने प्राप्त झालेली पवित्र अवस्था. नुसत्या विधीकडे पाहणाऱ्यास हा भेद दिसणार नाही. त्याच व्हाइटफील्डमध्ये १९६३ साली विविध पंथांच्या संवादासाठी एक्युमेनिकल ख्रिश्चन सेंटर स्थापन झाले, हेही येथे नोंदविण्यासारखे आहे. ह्या वसाहतीच्या इंग्रजीत निदान दोन कल्पनांसाठी दोन शब्द उपलब्ध होते. मराठीत मात्र कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट ह्या दोघांनाही 'संस्कार' ह्या एकाच शब्दाचा आधार घ्यावा लागतो, आणि तो शब्द आधीच व्यापलेला आहे.

तो कशाने व्यापलेला आहे हे पाहणे अगत्याचे आहे. 'संस्कार' म्हणजे एखाद्या वस्तूस किंवा व्यक्तीस विशिष्ट क्रियेने योग्य, शुद्ध अथवा पात्र करणे. भांड्यावर, धान्यावर, शब्दावर आणि माणसावरही संस्कार होतो. षोडश संस्कारांत विवाह येतो, आणि मनुस्मृतीने तर स्त्रियांसाठी विवाहविधी हाच वैदिक संस्कार मानला आहे. ह्या कल्पनेत कर्ता आणि संस्कार्य ह्यांत भेद आहे. संस्कार कोणीतरी कोणावर तरी करतो. पुरोहित मंत्र म्हणतो, पिता कन्यादान करतो, अग्नी साक्षी असतो. सप्तपदी पूर्ण झाली की विवाह पूर्ण झाला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही, जेथे सप्तपदीची चाल आहे तेथे सातव्या पावलाशी विवाहाची पूर्ती जोडली आहे. म्हणजे विवाहाचे सर्वस्व विधीत आहे.

कॅथलिक साक्रामेंताची घडण नेमकी येथेच उलट आहे. लॅटिन परंपरेनुसार विवाहाच्या साक्रामेंताचे सेवक, म्हणजे ते परस्परांस देणारे, स्वतः वधू आणि वर असतात, धर्मगुरू नव्हे. बाप्तिस्म्यात पाणी ओतणारा वेगळा आणि ते ज्याच्या मस्तकावर पडते तो वेगळा. विवाहात तसे नाही. दोघांनी परस्परांस दिलेली संमती हाच विवाह. आज लागू असलेल्या १९८३ च्या धर्मनियमसंहितेचा १०५७ वा नियम सांगतो की विवाह संमतीने घडतो आणि कोणतीही मानवी सत्ता तिच्या जागी दुसरे काही ठेवू शकत नाही. धर्मगुरू मंडळीच्या वतीने ती संमती विचारतो आणि स्वीकारतो. तो साक्षी असतो. १५६३ पर्यंत तर त्याची उपस्थितीही विवाहाच्या वैधतेस आवश्यक नव्हती. कोणी दोघांनी एकांतात परस्परांस वचन दिले तरी चर्चच्या दृष्टीने विवाह होत असे. त्यातून फसवणुकीचे असंख्य प्रकार घडू लागले, तेव्हा ट्रेंटच्या परिषदेने त्या वर्षी धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार ह्यांची अट घातली. (पूर्वेकडील चर्चमध्ये, म्हणून केरळातील सिरियन परंपरेतही, धर्मगुरूचा आशीर्वाद विवाहास आवश्यक मानला जातो. आपल्या 'संस्कार' शब्दाशी त्या परंपरेचे अधिक जुळते, हे सुचविण्यासारखे आहे.)

तात्पर्य, हिंदू कल्पनेत विधी विवाह घडवितो. कॅथलिक कल्पनेत विवाह हाच कृपेचे चिन्ह असतो आणि विधी त्या चिन्हाचे रक्षण करतो. वर्तमान आशीर्वाद देऊन संपणारे हे चिन्ह नव्हे. विवाहाच्या दिवशी ते सुरू होते आणि दोघांच्या सहजीवनात, त्यांपैकी एकाच्या मृत्यूपर्यंत, चालू राहते. 'विवाहसंस्कार झाला' असे मराठीत आपण सहज भूतकाळात बोलतो; ह्या सिद्धान्तात तो भूतकाळ अपुरा आहे.

सिद्धान्त असा असूनही प्रत्यक्ष इतिहासात चर्चने विधीवरच भांडणे केली, ही मोठी विसंगती आहे. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ साली काढलेला हुकूमनामा ह्याचे ठळक उदाहरण होय. अ. का. प्रियोळकरांच्या १९६१ सालच्या इन्क्विझिशनविषयक ग्रंथामुळे तो अभ्यासकांस परिचित आहे. ख्रिस्ती घरांतील लग्नात ओव्या गाऊ नयेत, वधूवरांस हळद लावू नये, विडे-सुपारीचे वाटप करू नये, इतक्या बारकाईने त्यात निर्बंध घातले आहेत. ज्या भूमीत १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' ओवीबद्ध मराठीत छापले गेले, त्याच भूमीत सव्वाशे वर्षांच्या आत लग्नघरातील ओवी अपराध ठरावी, ह्यातील विषाद मराठीच्या अभ्यासकास निराळा सांगावयास नको. संमतीनेच विवाह होतो हे तत्त्व मानले, तर हळदीने ना विवाहात भर पडते ना उणेपणा येतो. पण हळद लावणारे आणि हळद बंद करणारे असे दोघेही विधीच्याच सामर्थ्यावर विश्वास ठेवणारे होते, असे म्हणावे लागते. चाली मात्र टिकल्या. गोव्यात लग्नाआधी नारळाचा रस लावून स्नान घालण्याचा 'रोस' आजही होतो. वसई ते मुंबई ह्या पट्ट्यातील ईस्ट इंडियन समाजात वाजतगाजत विहिरीवर जाऊन 'उंबराचं पाणी' आणले जाते. उत्तर वसईच्या खेड्यांतून सामवेदी आणि वाडवळी बोलींतील लग्नगीतांचा साठा आहे. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक दस्तऐवजात विवाहाच्या स्थानिक चालीरीती राखण्यास स्पष्ट मुभा दिली, तेव्हा गोव्यातील आणि वसईतील वृद्धांस त्यात नवीन असे फारसे काही वाटले नसावे.

आता 'करार' ह्या शब्दाकडे वळू. येथे तर मराठीने एक विलक्षण गोष्ट केली आहे. बायबलच्या दोन भागांस आपण 'जुना करार' आणि 'नवा करार' म्हणतो. देवाने अब्राहामाशी, मोशेच्या द्वारे इस्राएलाशी आणि ख्रिस्ताच्या द्वारे सर्व मानवांशी जोडलेला संबंध तो हा करार. घरभाड्याचा आणि मालाच्या खरेदीचाही करारच! लॅटिनमध्ये पहिल्यासाठी 'फोएदुस' आणि दुसऱ्यासाठी 'कोन्त्राक्तुस' असे वेगळे शब्द आहेत, आणि कॅथलिक विवाहचिंतनाचा विसाव्या शतकातील प्रवास ह्या दोन शब्दांमधून झाला आहे. १९१७ च्या धर्मनियमसंहितेत विवाहाची व्याख्या 'कोन्त्राक्तुस' ह्या शब्दावर उभी होती. १९६५ साली व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील चर्चविषयीच्या दस्तऐवजात तो शब्द टाळून 'फोएदुस' योजिला. १९८३ च्या संहितेच्या १०५५ व्या नियमात पहिल्या परिच्छेदात 'फोएदुस' आणि दुसऱ्यात 'कोन्त्राक्तुस' असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आले आहेत. मराठी अनुवादकाने येथे काय करावे? दोन्ही ठिकाणी 'करार' लिहिला तर एका पिढीचा सारा वाद नाहीसा होतो. 'फोएदुस'साठी 'आणभाक' हा शब्द मला स्वतःला जवळचा वाटतो, कारण सैनिकाच्या त्या मूळ शपथेचा ध्वनी त्यात आहे. पण त्यास प्रेमिकांच्या गुप्त वचनाची छटा चिकटलेली आहे हे मान्य केले पाहिजे. काहीही असो, देवाने केलेला करार आणि दुकानदाराने केलेला करार ह्यांत मुख्य भेद हा की दुसऱ्या पक्षाने मोडला म्हणून पहिला रद्द होत नाही. संदेष्टा होशेय ह्याच्या पुस्तकात व्यभिचारी पत्नीस परत घरी आणणाऱ्या पतीची कथा देवाच्या निष्ठेचे रूपक म्हणून आली आहे. ख्रिस्ती विवाहाच्या अविच्छेद्यतेचे मूळ तेथे शोधावयास हवे, शिक्षेच्या भयात नव्हे.

ह्या शब्दार्थांचे परिणाम केवळ कोशापुरते नाहीत. चर्चचे न्यायालय संमती सदोष होती असे ठरवून विवाह मुळातच झाला नव्हता असा निर्णय देऊ शकते. पण भारतीय कायदा त्या निर्णयास मान त्यांच्या धर्मापुरताच देतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली आणि पुन्हा २०१७ साली स्पष्ट केले की ख्रिस्ती विवाह रद्द करण्याचा किंवा घटस्फोट देण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयास आहे. केवळ चर्चच्या निर्णयावर विसंबून पुन्हा विवाह करणारी व्यक्ती वेदीपुढे निर्दोष आणि कायद्यापुढे द्विविवाहाची अपराधी ठरू शकते. उलट, १८६९ चा घटस्फोट कायदा २००१ साली सुधारून परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची सोय झाली, पण तसा घटस्फोट घेतलेली कॅथलिक व्यक्ती चर्चच्या दृष्टीने विवाहितच राहते. संमतीच विवाह घडविते असे दोघेही म्हणतात. संमती विवाह मोडू शकते काय, येथे वाट फुटते.

अविच्छेद्यता हा शब्दही असाच तपासून घ्यावा लागतो. हिंदू विवाह अविच्छेद्य आणि कॅथलिक विवाहही अविच्छेद्य, असे आपण एका दमात म्हणतो. पण स्मृतींनी कल्पिलेले बंधन स्त्रीस पतीच्या मृत्यूनंतरही बांधून ठेवीत होते आणि पुरुषास ती जिवंत असतानाही दुसऱ्या विवाहास मोकळे सोडीत होते. ख्रिस्ती बंधन दोघांस सारखेच बांधते आणि मृत्यूबरोबर दोघांसही सारखेच मोकळे करते. पौलाने रोमकरांस लिहिताना हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. बाबा पदमनजींच्या १८५७ सालच्या 'यमुनापर्यटन'चा कणा हा भेद आहे. विधवांच्या स्थितीचे चित्रण म्हणून त्या कादंबरीची चर्चा पुष्कळ झाली. पण विधवा झालेली यमुना शेवटी ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते, ते केवळ सुधारकी धाडस नव्हे. पहिले बंधन मृत्यूने पूर्ण झाले, ते झिडकारले गेले नाही, असा विचार त्यामागे आहे. पदमनजी प्रॉटेस्टंट होते, विवाहास साक्रामेंत न मानणारे. तरी बंधनाच्या ह्या मर्यादेविषयी दोन्ही पंथांत मतभेद नव्हता.

मृत्यूखेरीज आणखी एका प्रसंगी बंधन सुटू शकते, असे पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात म्हटले आहे. दोघे अख्रिस्ती असताना विवाह झाला, पुढे एकाने बाप्तिस्मा घेतला आणि दुसरा सोडून गेला, तर ख्रिस्ती झालेला बांधलेला राहत नाही. मात्र दुसरा सुखाने नांदावयास तयार असेल तर त्यास सोडू नये. एकोणिसाव्या शतकात हा परिच्छेद हिंदुस्थानात अकस्मात जिवंत झाला, कारण तसे प्रसंग घरोघर घडू लागले. सर हेन्री मेन विधिमंत्री असताना १८६६ साली झालेला देशी धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा म्हणजे ह्या वचनाचेच दिवाणी रूप होते. जोडीदाराने धर्मांतरामुळे सहा महिने नांदण्यास नकार दिला तर धर्मांतरितास न्यायालयात जाता येई; न्यायाधीश त्या जोडीदाराची इच्छा विचारी आणि फेरविचारासाठी वर्षभराची मुदत देई.

ह्या पार्श्वभूमीवर नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई ह्यांचा विवाह पाहिला पाहिजे. १८८० च्या सुमारास त्यांचे लग्न झाले तेव्हा लक्ष्मीबाई अकरा-बारा वर्षांच्या होत्या. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढील काही वर्षे लक्ष्मीबाई नातेवाइकांच्या आश्रयाने दूर राहिल्या. १८६६ च्या कायद्याने टिळकांस दिलेली वाट मोकळी होती. ती त्यांनी चोखाळली नाही. पुढे लक्ष्मीबाई आपला आचार वेगळा ठेवून त्यांच्याकडे राहावयास आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हा सर्व इतिहास 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी ज्या हसतमुख आणि बोचऱ्या गद्यात सांगितला आहे त्यास मराठीत तोड नाही. समीक्षकांनी त्यात धर्मांतराची कथा वाचली, स्त्रीची आत्मकथा वाचली. मला त्यात संमतीची कथा दिसते.

कारण १८८० च्या मांडवात लक्ष्मीबाईंस कोणी काही विचारले नव्हते. त्या काळात तसे विचारण्याची पद्धत नव्हती, आणि विवाह संस्कार असल्यामुळे विचारण्याची गरजही शास्त्रास वाटत नव्हती. रखमाबाईंच्या खटल्यात नेमका हाच मुद्दा १८८५ आणि १८८७ च्या परस्परविरोधी निकालांतून मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता : लहानपणी लावून दिलेल्या लग्नास जिने कधी रुकार दिला नाही, तिला नांदावयास भाग पाडता येईल काय? रखमाबाईंनी आपला नकार उच्चारला. लक्ष्मीबाईंनी त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी आपला होकार उच्चारला, आणि तो उच्चारताना त्या खऱ्या अर्थाने मोकळ्या होत्या. माहेरचे आणि सासरचे सारे गोत त्यांना परत जाऊ नये म्हणूनच सांगत होते; जात, सोवळे आणि समाजातील स्थान हे सर्व पलीकडच्या पारड्यात होते. ख्रिस्ती होण्याचा निश्चय होण्यापूर्वीच त्या पतीकडे गेल्या, हा क्रम महत्त्वाचा आहे. पौलाच्या परिच्छेदातील 'सुखाने नांदावयास तयार असलेला' पक्ष त्या होत्या.

टिळक दांपत्य अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतील होते, आणि ती मंडळी विवाहास साक्रामेंत मानीत नसे. तरीही कॅथलिक सिद्धान्त लावून पाहिला तर मोठा चमत्कारिक निष्कर्ष हाती येतो. दोन बाप्तिस्मित व्यक्तींमधील वैध विवाह हा आपोआप साक्रामेंत असतो, असे १०५५ व्या नियमाचा दुसरा परिच्छेद सांगतो. दोघे अख्रिस्ती असताना झालेला विवाह दोघांच्याही बाप्तिस्म्यानंतर साक्रामेंत होतो, त्यासाठी पुन्हा लग्न लावावे लागत नाही, असे कॅथलिक धर्मशास्त्रज्ञांचे सर्वसाधारण मत आहे. आणि पाण्याने व त्रैक्याच्या नावाने दिलेला प्रॉटेस्टंट बाप्तिस्मा कॅथलिक चर्च वैध मानते. म्हणजे ह्या दृष्टीने १९०० साली लक्ष्मीबाईंच्या मस्तकावर पाणी पडले त्या क्षणी, अंतरपाट, मंगलाष्टके आणि सप्तपदी ह्यांनी सुरू झालेले ते चित्पावनी लग्न ख्रिस्ती साक्रामेंत झाले. आणि ते ज्या मंडळीत घडले तिने त्यास त्या नावाने कधी ओळखले नाही. दुसरा विवाहविधी येथे लागत नाही, वधूवरांनी पुन्हा वेदीपुढे उभे राहावे लागत नाही. संमतीचे शब्द मात्र कोठेतरी उच्चारले गेलेले असावे लागतात. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत ते कोणत्याही नोंदवहीत सापडणार नाहीत. ते त्यांनी पतीकडे परत जाण्यासाठी केलेल्या प्रवासात आहेत, आणि त्या प्रवासाचे वर्णन करताना त्यांनी 'संस्कार' किंवा 'करार' ह्यांपैकी कोणत्याच शब्दाची मदत घेतलेली मला आढळली नाही.